वय किती आणि बसून राहणं किती?

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे एक विलक्षण प्रयोग झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना सलग तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला सांगितलं गेलं. आधी आणि नंतर त्यांचा दमसास मोजला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही त्याची शास्त्रीय मोजणी. तीन आठवड्यांत ती क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. नंतर दोन महिने व्यायाम करून त्या तरुणांनी गेलेलं परत मिळवलं आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला.

तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते. वजनं वाढली होती, अंगावरच्या चरबीचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. तरीही विशीतल्या मूळ दमसासाच्या तुलनेत घट होती ती सुमारे १२ टक्के. म्हणजे तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं, त्याच्या दुपटीहून जास्त तीन आठवड्यांच्या लोळण्याने नेलं होतं. मग या पाच जणांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम दिला. सहा महिन्यांअखेर त्यांचा दमसास विशीतल्या पातळीवर परत आला. हृदयाचा जास्तीत जास्त वेग मात्र परत आला नाही, तो वयाबरोबर गेला तो गेलाच. ती कसर स्नायूंनी भरून काढली. रक्तातला प्राणवायू ते आता अधिक खेचून घेऊ लागले होते.

पाचच माणसं आणि तीही सगळी पुरुष, तेव्हा यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. पण म्हातारपणाकडे कसं पाहायचं, हे हा प्रयोग शिकवतो. आपण ज्याला ‘वय झालं’ म्हणतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक खरोखरच वयाची, जिच्यापुढे इलाज नाही. दुसरी न वापरल्यामुळे आलेली, जी बरीचशी परत मिळवता येते. आपल्या घरांमधून या दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात मांडला जातो आणि सगळा दोष वयाच्या माथी मारला जातो.

आरशात न दिसणारी घट

आधी वयाचा खरा वाटा पाहू. आपल्या हालचालींच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी प्रामुख्याने मज्जारज्जूत असतात. एकेका पेशीच्या ताब्यात स्नायूतल्या तंतूंचा एकेक जुडगा असतो. वाढत्या वयात यातल्या काही चेतापेशी मरतात. त्यांचे तंतू पोरके होतात. त्यातले काही शेजारची चेतापेशी सांभाळायला घेते, उरलेले सुकून जातात.

हे तंतू मुख्यतः दोन जातींचे असतात. काही मंद पण चिवट. उभं राहणं, सावकाश चालणं ही दिवसभराची कामं ते न थकता करतात. दुसरे जलद. ते लवकर थकतात, पण क्षणात जोर लावतात. पटकन उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर दुसरं पाऊल झटकन पुढे टाकून स्वतःला सावरणं, ही त्यांची कामं. वयाबरोबर आधी बारीक होतात ते हे जलद तंतू. म्हणून सत्तरीतला माणूस बागेत तासभर रमतगमत चालू शकतो आणि त्याच दिवशी न्हाणीघरात पाय घसरल्यावर स्वतःला सावरू शकत नाही.

या घटीला ‘सार्कोपेनिया’ असं नाव अमेरिकी पोषणशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवलं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या रोगांच्या अधिकृत यादीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडलं. इतका उशीर होण्याचं एक कारण म्हणजे ही घट चटकन नजरेत भरत नाही. सत्तरीतल्या माणसांचा काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा असं दिसलं की स्नायूंचं आकारमान जेवढं कमी होतं, त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने ताकद कमी होते. स्नायूंच्या जागी चरबी आली तर वजनकाटाही काही बोलत नाही. कळतं ते वेगळ्याच गोष्टींवरून. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिन्याचा कठडा सुटत नाही, रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलतो, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही.

नव्वदीतली ताकद

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पण जे तंतू उरले आहेत ते जाड होऊ शकतात का? १९९० पर्यंत बहुतेक डॉक्टरांचं उत्तर ‘या वयात कशाला भलतं धाडस’ असं होतं. त्या वर्षी मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या एका वृद्धोपचार केंद्रातल्या दहा रहिवाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वयं ८६ ते ९६. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. वजनही नावापुरतं नव्हतं. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्के.

नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. मांडीच्या मध्यावर मोजलेलं स्नायूंचं आकारमान वाढलं ते फक्त ९ टक्के. या दोन आकड्यांतल्या तफावतीतच सगळं मर्म आहे. सुरुवातीला वाढते ती बरीचशी मेंदू आणि स्नायू यांच्यातल्या दळणवळणाची गुणवत्ता. असलेले तंतू एकदम आणि पुरेपूर कामाला लागतात. म्हणजे ताकदीचा मोठा भाग गेलेला नव्हता, निजलेला होता.

चार वर्षांनी याच संशोधकांनी सरासरी ८७ वर्षं वयाच्या शंभर रहिवाशांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांत दुपटीहून जास्त झाली, जिना चढण्याचा जोरही वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत काहीच फरक पडला नाही. ज्येष्ठांसाठीच्या प्रोटीन पावडरीच्या जाहिराती पाहताना हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पण आम्ही फिरायला जातो की!

आपल्याकडे चालण्याला मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरपर्यंतचं सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर दर आषाढीला हजारो वृद्ध वारकरी पायी तोडतात. शहरांतल्या बागा पहाटे ज्येष्ठांनी भरलेल्या असतात. हृदय, रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांसाठी चालणं उत्तम. रोज दहा हजार पावलं भरलीच पाहिजेत असंही नाही. तो आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावामुळे. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे सतरा हजार अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. ७,५०० पावलांनंतर मात्र फायदा फारसा वाढला नाही.

अडचण एवढीच की सावकाश चालण्यात मंद तंतूंचीच भरती होते. जलद तंतू घरीच बसून राहतात. त्यांना उठवायला जोर लागणारं काम हवं आणि तोल सांभाळायला तोलाचा सराव हवा. २०१९ साली कोक्रेन या संस्थेने जगभरातल्या १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ही घट प्रामुख्याने तोल आणि रोजच्या हालचालींचा सराव देणाऱ्या कार्यक्रमांत होती. त्याच्या जोडीला ताकदीचे व्यायाम असतील तर फायदा आणखी मोठा दिसला. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांबद्दल असा भरवसा देणारा पुरावा मिळाला नाही. पडणं ही साधी बाब नव्हे. खुब्याचं हाड मोडलेले अनेक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे हिंडूफिरू शकत नाहीत.

गंमत अशी की ताकदीचा व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही. तालमीतल्या जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी पोहोचवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. पण तालीम ही तरुण पोरांची जागा, हा समज पक्का बसला. साठीनंतर माणसाने सकाळी फिरावं, थोडा प्राणायाम करावा, हास्य क्लबात हसावं. त्याने बैठका मारल्या तर लोक हसतात, आणि तिने मारल्या तर घरचेही हसतात.

आपल्या अंगकाठीचा प्रश्न

भारतीयांना स्नायूंची काळजी वाहण्याचं एक जादा कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही अनेक भारतीयांची ठेवण त्या एका फोटोने जगाला दाखवली.

याचा मधुमेहाशी थेट संबंध आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे आपले स्नायू. जे मुळात कमी आहेत ते वयाने आणखी घटले, तर साखर ठेवायची कुठे? आणि स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेऊ शकतात. वयस्क मधुमेही माणसासाठी मांडीचे स्नायू हे नुसते चालण्याचं साधन नाही, साखर आटोक्यात ठेवण्याचं साधनही आहे.

त्यात गेल्या काही दशकांत घरं बदलली. पाटावरची पंगत डायनिंग टेबलावर गेली, चुलीपुढची बसायची जागा गेली, उभा ओटा आला, कमोड आला, गादी जमिनीवरून पलंगावर गेली. गुडघे धरलेल्यांसाठी ही सोय मोठी आहे यात वाद नाही. पण जमिनीवर बसणं आणि उठणं हा दिवसातून कितीतरी वेळा नकळत होणारा मांडीचा व्यायाम त्याबरोबर गेला, त्याच्या जागी दुसरा काही आला नाही. ब्राझीलचे डॉक्टर क्लाउदिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. टेकलेल्या प्रत्येक हाताचा किंवा गुडघ्याचा एक गुण वजा. ज्यांचे गुण कमी आले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. जमिनीवरून उठता आलं म्हणून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि लवचिकता एकत्र किती शिल्लक आहे, हे त्या एका कृतीत कळतं, इतकंच.

‘झिजलेले’ गुडघे आणि सक्तीची विश्रांती

‘गुडघे झिजलेत, आता जपून’ हे वाक्य मराठी घरांत रोज ऐकू येतं. त्यातलं जपणं म्हणजे न हलणं असं धरलं की फेरा सुरू होतो. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून मांडी अशक्त, मांडी अशक्त म्हणून सांध्यावर ताण जास्त, म्हणून आणखी दुखणं. गुडघ्याच्या संधिवातावर आज जगभरच्या उपचार-शिफारशींत मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाला पहिलं स्थान आहे. सुरुवातीला थोडं दुखेल. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत झालं तर प्रमाण बरोबर आहे. सूज आली किंवा दुखणं टिकून राहिलं तर प्रमाण कमी करायचं, व्यायाम सोडायचा नाही.

दुसरी सक्तीची विश्रांती रुग्णालयातली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस बिछान्यात ठेवलं. दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांमधलं सरासरी जवळजवळ एक किलो मांस गेलं. ही निरोगी माणसं होती. तापाने किंवा शस्त्रक्रियेने खचलेल्या माणसाचं काय होत असेल याची कल्पना करावी. निमोनिया बरा होतो, पण घरी आलेली आजी पलंगावरून उठत नाही आणि सगळे म्हणतात, दुखण्याने खचली. अर्धी दुखण्याने, अर्धी खाटेने. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आजारपणातही रोज खुर्चीत बसवणं, आधाराने उभं करणं, वॉर्डात चार पावलं चालवणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. ‘उठू नका, मी देते’ या मायेची किंमत पाय मोजतात.

व्यायामाने काय मिळतं, काय नाही

अतिशयोक्ती करायला नको. या विषयावरचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत आठ केंद्रांवर झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. ७० ते ८९ वयाचे, फारशी हालचाल न करणारे पण ४०० मीटर चालू शकणारे १,६३५ जण. निम्म्यांना चालणं, ताकद आणि तोल असा मिश्र व्यायाम. उरलेल्यांना आरोग्यविषयक व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण व्याख्यानाच्या गटात ३५.५ टक्के होतं, व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के. स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही.

म्हणजे व्यायाम हे अमृत नाही. तो म्हातारपण टाळत नाही, पांगळेपण लांबवतो. एरवी परावलंबी झाले असते अशांतले काही जण स्वतःच्या पायांनी दुकानात, देवळात, बँकेत जात राहतात. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर ती प्रत्येक घरात असती.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सुटसुटीत आहे. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या दमाची. मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम निदान दोन दिवस. तोल आणि ताकद एकत्र वापरणारे व्यायाम तीन किंवा जास्त दिवस. एवढं जमत नसेल तर जमेल तेवढं. अजिबात न करण्यापेक्षा थोडं केव्हाही बरं.

सुरुवात स्वतःची परीक्षा घेऊन करावी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यावी. हात छातीवर घडी करून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजावं. अमेरिकी निकषांप्रमाणे ६५ ते ६९ वयात पुरुषाच्या १२ पेक्षा आणि स्त्रीच्या ११ पेक्षा कमी खेपा झाल्या तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

मग तीच परीक्षा व्यायाम म्हणून करावी. खुर्चीवरून उठणं-बसणं ही तालमीतल्या बैठकीचीच सौम्य तऱ्हा आहे. आठ-दहा खेपा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ-दहा. खाली बसताना धपकन न बसता सावकाश यावं, कारण उतरतानाही मांडी काम करते. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, त्याने पोटऱ्या बळकट होतात. भिंतीवर हात टेकून उभ्याउभ्या जोर काढावेत. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन उचलाव्यात. तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत चालावं. मधे एक दिवस सोडून हे करायला वीस मिनिटं पुरतात. महत्त्वाचा नियम एकच. सोपं वाटायला लागलं की थोडं अवघड करायचं. खेपा वाढवायच्या, खुर्ची थोडी बुटकी घ्यायची, बाटली मोठी घ्यायची. तेच ते वर्षानुवर्षं केलं तर शरीर सरावतं आणि वाढ थांबते.

व्यायामाला जोड हवी ती प्रथिनांची. वयस्क स्नायू प्रथिनांना थंडा प्रतिसाद देतात. म्हणून तज्ज्ञ ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. चहा-खारी आणि रात्री दूधभात यात ती भरत नाहीत. प्रत्येक जेवणात डाळ किंवा उसळ, दही, दूध, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी ठळक असावं.

छातीत दुखत असेल, चालताना चक्कर येत असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळी साखर फार खाली जाणार नाही याची काळजी घ्यावी. जोर लावताना श्वास कोंडू नये. पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट असावेत.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. आज ते त्याहून कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठी गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ व्याख्यानं, सहली आणि वाढदिवस नेमाने करतात. त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं उठ-बस करायला काही खर्च येत नाही. एखाद्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून एकदा बोलावलं तरी पुरे.

आणि मुला-सुनांना एक विनंती. आईवडील ताट उचलायला उठले, कुंडीला पाणी घालायला वाकले, पिशवी घेऊन मंडईला निघाले, तर त्यांना बसवू नका. त्यांच्या हातून काम काढून घेणं ही सेवा नव्हे. जे त्यांना अजून करता येतं ते त्यांनाच करू द्या, आणि जे जेमतेम जमतं त्याचा सराव करायला सोबत उभे राहा.